सातव्या गाण्यातली उडी

तिला सगळे भोंगा म्हणत. नाव बापानं ठेवलं होतं, आणि तेही लाडानं. ती सहा दिवसांची असताना एकदा अशी रडली, की शेजारच्या वहिनी दार ठोठावून विचारायला आल्या, भाऊजींचं पोट फार दुखतंय का. भाऊजी तेव्हा कामावर होते.

वयाबरोबर मुलींचे आवाज गोड होतात म्हणे. हिचा खोल खोल गेला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. दहाव्या वर्षी ती जिन्यातून "आई, आले गं" अशी हाक मारायची, तेव्हा वरच्या मजल्यावरची पोरं आपले वडील आले समजून पुस्तक उघडून बसत. मोठेपणी या आवाजाचा एकच उपयोग झाला. फोनवर कसलीही तक्रार केली की पलीकडचा माणूस "हो साहेब, लगेच करतो साहेब" म्हणे आणि खरोखर करी. त्यामुळे अख्खी गल्ली आपल्या तक्रारी तिच्याकडे आणून देई. नळाच्या, विजेच्या, आणि एकदा तर एका नवऱ्याची.

गाण्याचं मात्र तिचं सातव्या वर्षीच आटोपलं. शाळेत पाहुण्यांपुढे स्वागतगीत होतं. भोंगा दुसऱ्या रांगेत आणि तिची धाकटी बहीण पहिल्या रांगेत, मधोमध. धाकटीचा आवाज साखरेत घोळून काढल्यासारखा. तालमीला आई आली होती. तिनं भोंगाला बाजूला घेतलं, वेणीची रिबीन घट्ट करता करता वाकून कानात सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव." आईच्या मनात पाप नव्हतं. शर्टाचं सुटलेलं बटण तिनं ज्या मायेनं लावलं असतं, त्याच मायेनं तिनं हे सांगितलं. पण भोंगा आज्ञाधारक मुलगी. ती जी ओठ हलवायला लागली ती पुढची चाळीसेक वर्षं हलवतच राहिली. वाढदिवस असो, सहल असो, सगळे गात आणि भोंगा तोंडाची उघडझाप करी, काचेतल्या माशासारखी.

लग्न झालं, चार वर्षं टिकलं. नवरा दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. जाताना त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं, की या घरात फार मोठ्यानं बोललं जातं. "मी तर बोलतच नव्हते," एवढंच ती म्हणाली आणि आईकडे परत आली. मग एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तिला नोकरी लागली.

लाँड्री हॉटेलच्या तळघरात होती. बावीस माणसं, खोलीएवढी तीन धुलाई यंत्रं, चादरींना इस्त्री करायचा वाफेचा रोलर आणि इस्त्रीची आठ टेबलं. वरच्या सात मजल्यांवरून मळके कपडे खाली टाकायला भिंतीतून एक रुंद पत्र्याचं नळकांडं उतरलं होतं. प्रत्येक मजल्यावर त्याला एक झडप. खालची मंडळी त्याला घसरगुंडी म्हणत. घसरगुंडीचं तोंड शेवटच्या टेबलाच्या बरोबर डोक्यावर उघडे. ओले टॉवेल मानेवर झेलायची कुणाचीच हौस नसल्यानं ते टेबल नव्या माणसाला मिळे. भोंगाला मिळालं आणि तिच्याकडेच राहिलं.

ती सीडी आली ती थेट धुलाई यंत्रातून. मोठ्या यंत्रावर एक काका होते, सगळ्या तळघराचे काका. त्यांनी एका सकाळी झाकण उघडलं तर उशांच्या अभ्र्यांमधून एक चकती निघाली, सोबत डबीचे तुकडे आणि कुणाच्या तरी पट्ट्याचं बक्कल. बक्कलानं चकतीला वाटेत दोन-चार ओरखडे काढले होते. वेष्टणाच्या कागदाचा लगदा झालेला. त्यावर एका बाईचा एक डोळा, अर्धा गाल आणि ढीगभर केस तेवढे शिल्लक होते. गायिकेचं नाव साबणाच्या पाण्याबरोबर गटारात गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं उरलीसुरली अक्षरं लावून सांगितलं, की बाई लंडनची आहे आणि ही तिची निवडक गाणी आहेत, चौदा. नियमाप्रमाणे सहा महिने ती हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात राहिली. कुणी मागायला आलं नाही. सातव्या महिन्यात काकांनी ती खाली आणली.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद होती तेव्हा त्यांनी ती फळीवरच्या प्लेअरमध्ये लावली. पियानोचे चार सूर वाजले आणि मग त्या बाईनं तोंड उघडलं. तळघरातल्या सगळ्या माना एकदम भोंगाकडे वळल्या. तोच आवाज. खोल, जरासा खरबरीत, पोटातून निघून छातीत घोटाळणारा.

"ही बाई गाते?" भोंगानं विचारलं. "आणि हिला गाऊ देतात?"

"गाऊ देतात काय," काका म्हणाले, "तिकीट काढून ऐकतात."

भोंगानं हातातला घास डब्यात परत ठेवला. चौदाच्या चौदा गाणी ऐकेपर्यंत तिनं तो उचलला नाही.

त्या दिवसापासून तळघराचं घड्याळ बदललं. भिंतीवरचं खरं घड्याळ वाफेनं केव्हाच बंद पडलं होतं, तेव्हा वेळ गाण्यांवर मोजायची पद्धत पडली. साधा शर्ट म्हणजे एक गाणं. वाढप्यांचा कांजी केलेला कोट म्हणजे दीड. "अजून किती वेळ?" असं वरून कुणी फोनवर विचारलं की उत्तर मिळे, "दोन गाणी थांबा." तिसरं गाणं संथ, ते कॉलरींना चांगलं. नववं इतकं उडतं, की त्यात नाजूक रेशमी काही हातात घ्यायचंच नाही असा नियम झाला, एका झग्याची बाही गेल्यानंतर.

आणि सातवं गाणं म्हणजे बदलीचं. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर बाई एकदम उडी मारून थेट शेवटच्या धृपदावर जाई. ती उडी आली की हातातलं खाली ठेवायचं, एक गिरकी घ्यायची आणि डाव्या हाताच्या पुढच्या जागेवर सरकायचं. म्हणजे रोलरच्या धगीपाशी कुणी एकानंच दिवसभर उभं राहायला नको. शेवटचा माणूस पळत फिरून पहिल्या जागेवर येई. एकटी भोंगा गिरकी घेऊन पुन्हा आपल्याच टेबलापाशी थांबे, कारण घसरगुंडीखाली यायला कुणी तयार नसे. अकरा वर्षं हे असं रोज चाललं. गिरकी इतकी अंगात भिनली होती, की तिथली एक जाडी मावशी सांगे, घरी सुद्धा त्या चालीचं काही गुणगुणलं की ती चुलीपासून मोरीकडे सरकते.

जेवताना त्यांचा एक खेळ असे. आपल्या आयुष्याची निवडक गाणी काढायची तर कुठली? कोंडा पाखडून टाकायचा आणि दाणे तेवढे सांगायचे. कुणी मुलीचा निकाल सांगे, कुणी पहिली सायकल. मावशी एकदा पंचवीस मिनिटं सांगत राहिली, शेवटी काकांनी तिला म्हटलं की हे निवडक नव्हे, हे समग्र आहे. भोंगाची पाळी आली की ती हसून सांगे, "माझी सीडी कोरीच निघायची."

पण तिनं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. यंत्रं सुरू झाली की तळघरात असा घरघराट होई, की प्लेअर पुरता मोठा करून ठेवावा लागे आणि शेजारच्याला ओरडून सांगावं लागे. त्या घरघराटाच्या आडोशाला भोंगा गात असे. आधी काही आठवडे नुसते ओठ हलले, सवयीनं. मग एक दिवस, बहुधा चौथ्या गाण्यात, ओठांमागून आवाज आला. तो आपला आपल्यालाच ऐकू येत नव्हता, म्हणून तिला भीती वाटली नाही. भाषा कळत नव्हती. पण शब्दांचे आवाज तिनं कॉलरीच्या टोकासारखे एकेक नीट बसवून घेतले, आणि अकरा वर्षं तळघरात उभी राहून पोटभर गायली. जवळच्या माणसाला पत्ता लागला नाही.

घसरगुंडी तिच्या डोक्यावर होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

चौथ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ वर्षभराच्या मुक्कामाला आले होते. त्यांनी एकदा काउंटरवर फोन करून सांगितलं, की भिंतीत एक बाई गाते. काउंटरनं ते हॉटेलच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचार केला, की भिंत असती तर गवंडी पाठवला असता, पण गाणं हे पियानोवाल्याचं खातं. हा पियानोवाला संध्याकाळी हॉटेलच्या भोजनगृहात दोन साथीदारांसह वाजवत असे. त्यानं चौथ्या मजल्याची झडप उघडून आत डोकं घातलं. खालून आवाज येत होता. तो इतका वेळ ऐकत राहिला, की पाचव्या मजल्यावरून टाकलेला टॉवेलांचा गठ्ठा त्याच्या मानेवर बसला. तसाच, गळ्यात ओला टॉवेल घेऊन, तो जिने उतरून तळघरात आला आणि घरघराटात ओरडून विचारू लागला, कोण गातंय, कोण. बाकीच्या एकवीस जणांनी नकारार्थी माना हलवल्या. मग काकांनी सरळ यंत्रं आणि प्लेअर बंद केले. भोंगाचे डोळे मिटलेले होते. तिला कळायला अर्धी ओळ उशीर झाला.

ती अर्धी ओळ सगळ्यांनी ऐकली.

पियानोवाला म्हणाला, एकदा आमच्याबरोबर गा. भोंगानं इस्त्री पुढे ढालीसारखी धरून नाही म्हटलं. तो आठवडाभर रोज येऊन विचारत राहिला, आणि ती रोज नाही म्हणत राहिली. पण त्याच महिन्यात काका निवृत्त व्हायचे होते. साहेबांनी त्यांना विचारलं, निरोप समारंभाला काय हवं. काका म्हणाले, "भाषण नको. घड्याळ तर मुळीच नको. भोंगाचं गाणं ठेवा." आता एकतीस वर्षं यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिनं हो म्हटलं, आणि त्याच पावली बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं बसून आली.

समारंभ दुपारी तीनला, घरच्या मंडळींसह. तालमी दोन झाल्या, तिसऱ्या गाण्याच्या. संथ गाणं, सोपं आणि सुरक्षित. आईला काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण आमंत्रणाच्या कागदावर तिचं नाव छापून आलं, आणि पियानोवाल्यानं सांगितलेलं लंडनच्या बाईचं नावही. रविवारी धाकटी आली तेव्हा तिनं ते मोठ्यानं वाचलं.

धाकटी वाईट नव्हती. घरातल्या प्रत्येक कार्यात ती गायची, लोक डोळे पुसायचे, आणि ती नंतर भांडी घासायलाही थांबायची. तिनं फक्त काळजीपोटी विचारलं, "ताई, माईक असेल ना गं? मग जरा लांब धर. तू नुसती बोललीस तरी कपबशा हलतात." मग म्हणाली, हवं तर मी शेजारी उभी राहते, तू सुरुवात करून दे, वरचं मी सांभाळून घेते. रेडिओवर ऐकलीत मी या बाईची गाणी.

आई ऐंशी वर्षांची, कान मात्र मांजराचे. ती शेंगा सोलल्यासारखं एकेक शब्द सोलत म्हणाली, "लोक हसले तर तुला लागेल गं. दुसरं काही नाही."

भोंगा बशा गोळा करून मोरीत गेली. त्या विसळताना तिला स्वच्छ कळलं, की हॉलमध्ये शंभर माणसं हसली तरी चालेल. फक्त आईनं पुढच्या खुर्चीवरून ओठ हलवायची खूण करायला नको. एकदा, आईसमोर, आवाज बाहेर काढून गाणं शेवटपर्यंत न्यायचं. सीडीवर एवढं एक गाणं निघालं तरी पुरे.

भोजनगृहातली टेबलं भिंतीशी लावली होती आणि खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला साहेब, उजव्या टोकाला काका, मध्ये आई आणि धाकटी, बाकी सगळं तळघर. लाँड्रीवाल्यांचे कपडे असे कडक, की बसताना आवाज होत होता. भोंगा माईकपाशी उभी राहिली तेव्हा तिला हात कुठे ठेवायचे सुचेना. अकरा वर्षांत ती इस्त्री हातात नसताना कधी गायली नव्हती. पियानोवाल्यानं हे ओळखलं आणि शेजारच्या टेबलावरची पाण्याची रिकामी किटली तिच्या हातात दिली.

तिसरं गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला भिंतीशी मांडून ठेवलेल्या कपबशा खरोखरच किणकिणल्या. एका वाढप्यानं दोन्ही हात पसरून त्या दाबून धरल्या. दुसऱ्या ओळीला कुणी खोकलंसुद्धा नाही. भोंगा किटली पुढेमागे फिरवत, न दिसणाऱ्या कॉलरीवर हलकेच दाब देत गात राहिली, आणि गाणं संपलं. मग टाळ्या पडल्या. काकांनी तर बोटं तोंडात घालून शिटी मारली.

आईकडे बघायचं धाडस भोंगाला झालं नाही. ती उतरायला लागली तेवढ्यात मावशी ओरडली, "सातवं!" आणि मग सगळं तळघर, "सातवं, सातवं!" पियानोवाल्यानं विचारलं, सातवं कुठलं? मावशीनं चाल गुणगुणली. तो हसला. हे तर जगाला ठाऊक असलेलं गाणं, याला तालीम कशाला? बोटं पट्ट्यांवर पडली.

पहिलं कडवं दणक्यात गेलं. माणसं पायांनी ठेका धरू लागली. भोंगाला वाटलं, आपण लहान झालोय, पळतोय आणि उतार लागलाय. दुसरं कडवं आलं, मध्यावर आलं, आणि भोंगानं रोजच्यासारखी उडी मारली. थेट शेवटच्या धृपदावर.

पियानोवाला दुसऱ्याच वाटेनं गेला होता. साथीदारांपैकी ढोलवाला त्याच्यामागे. आणि पहिल्या रांगेतून धाकटीचा साखरेचा आवाज येत होता, बारीकसा, बरोब्बर पियानोबरोबर. भोंगाला काही म्हणजे काही कळेना. उडी बक्कलानं मारली होती, बाईनं नव्हे, हे तिला कोण सांगणार? तळघरात कुणी ते गाणं अख्खं ऐकलंच नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की सगळी दुनिया एकीकडे आणि आपण एकीकडे. तिचा आवाज खाली खाली गेला आणि बंद झाला. ओठ मात्र हलत राहिले.

आणि तेवढ्यात खुर्च्या सरकल्या.

उडी आली म्हटल्यावर एकवीस माणसांच्या पायांना आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. सगळं तळघर उठलं, जागच्या जागी गिरकी घेतली आणि धृपद गात एकेक खुर्ची डावीकडे सरकलं. आईच्या शेजारी आणि मागे लाँड्रीतल्या बायका होत्या. त्यांनी "चला आजी" म्हणत तिला काखेत हात घालून उचललं, फिरवलं आणि पुढच्या खुर्चीवर ठेवलं. डाव्या टोकाला बसलेल्या साहेबांची खुर्ची गेली. क्षणभर ते बावरून उभे राहिले. मग शेवटच्या माणसानं काय करायचं असतं हे कुणीतरी ओरडून सांगितलं, आणि कोटाची बटणं सांभाळत साहेब पळत फिरून उजव्या टोकाला आले. काका गात होते. त्यांचा आवाज ओल्या घोंगडीसारखा होता, आणि तो त्यांनी सबंध पसरला होता.

भोंगानं श्वास घेतला. मग तो आवाज निघाला, अकरा वर्षं सात मजले चढून गेलेला, आणि कपबशांवरचा वाढपी अक्षरशः त्यांवर आडवा झाला. पियानोवाल्याचे हात दोन क्षण हवेत राहिले. त्यानं समोरच्या फिरत्या हॉलकडे पाहिलं, मान झटकली आणि तोही उडी मारून धृपदावर आला. त्याच्यामागे धडपडत ढोलवाला.

एकटी धाकटी जागची हलली नव्हती. ती रेडिओवरचं खरं दुसरं कडवं इमानेइतबारे गात होती, मांडीवर जाडी मावशी येऊन बसली तरी. आई आता एक खुर्ची पलीकडे होती. तिचे केस गिरकीनं विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते. ती वाकून धाकटीच्या कानाशी गेली आणि हलक्या आवाजात, जुन्या मायेनं म्हणाली,

"धाकटे, तू नुसते ओठ हलव."

भोंगानं ते माईकपासून दहा हातांवरून पाहिलं. ऐकू आलं नाही. पण ते शब्द आईच्या ओठांवर कसे दिसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला असं हसू फुटलं, की शेवटची ओळ तिनं हसतच गायली, आणि त्या लंडनच्या बाईनं ती तशी कधीच गायली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळेला तळघरात हजर. निवृत्त माणसानं सकाळी कुठे जायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पियानोवालाही आला. त्याच्या फोनवर ते सातवं गाणं अख्खं होतं. यंत्रं थांबवून सगळ्यांनी गोल करून ते ऐकलं. दुसऱ्या कडव्याचा उरलेला भाग, मग एक तिसरं कडवं, मग नुसता पियानो. सगळ्यांनी पाहुण्याचं ऐकावं तसं सभ्यपणे ऐकून घेतलं.

"बरं आहे," मावशी म्हणाली. "पण एवढ्यात चार अभ्रे निघतात."

भोंगानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि पुन्हा एकदा. हे आईला गाऊन दाखवीन म्हणाली, तिनं काल रात्री जेवताना विचारलंय, धाकटी जे गात होती त्यात पुढे काय होतं म्हणून. इथे मात्र आपली उडी बरी.

या सगळ्यात अकरा वाजून गेले. एकाएकी डोक्यावरची घसरगुंडी खडखडली. टॉवेल येणार म्हणून भोंगा सवयीनं बाजूला झाली. पण टॉवेल आले नाहीत. वरून, पत्र्यात घुमत, साहेबांचा आवाज आला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ मघापासून भिंतीला कान लावून बसलेत, आज उशीर का?

भोंगानं इस्त्री उचलली, मान वर केली आणि नळकांड्यात तोंड घातलं.

"हो साहेब," ती म्हणाली. "लगेच करते साहेब."